पोत्यातले मांजर



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजण गालातल्या गालात हसतील. उंची वंशाची मांजरे विकणारे आणि विकत घेणारे यांच्यात तंटे का होतात, आणि ते होऊ नयेत, झालेच तर मिटावेत, म्हणून गेल्या दीडशे वर्षांत माणसांनी काय काय केले, ही हकीकत आज सांगायची आहे. "अहो, मांजर का कुणी विकत घेतं?" असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. आपल्या खेड्यात उंदीर माजले की शेजारच्या आळीतून एखादे पिलू उचलून आणायचे, त्याच्यापुढे वाटीत दूध ठेवायचे, की झाला व्यवहार. ना पैसा, ना पावती. पण विलायतेत आणि अमेरिकेत ही गोष्ट निराळ्या वाटेने गेली. आणि आता मुंबई-पुण्याकडेही हजारो रुपये मोजून पर्शियन जातीचे पिलू घरी आणणारी कुटुंबे आहेत. जिथे पैसा आला तिथे शब्द आला, आणि जिथे शब्द आला तिथे शब्द मोडणेही आले.

तरी पण हे मांजराचे पुराण शेतकरी मंडळींना आणि गुरुजींना कशासाठी? यासाठी, की यातला खरा प्रश्न मांजराचा नाहीच. विकणाऱ्याला मालाचे गुणदोष ठाऊक आहेत आणि घेणाऱ्याला ते दिसत नाहीत, अशा वेळी चोख व्यवहार कसा व्हावा, हा तो प्रश्न आहे. तो गुरांच्या बाजारात आहे, बियाण्याच्या दुकानात आहे, सोयरीक जुळवतानासुद्धा आहे. मांजराच्या निमित्ताने तो स्वच्छ दिसतो, एवढेच.

युरोपात एक फार जुनी म्हण आहे. जर्मन माणूस म्हणतो आणि फ्रेंच माणूसही म्हणतो की, पोत्यातले मांजर विकत घेऊ नये. म्हणीमागची कथा अशी सांगतात की, बाजारातला लबाड विक्रेता डुकराचे पिलू म्हणून तोंड बांधलेले पोते गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. घरी जाऊन पोते सोडावे तर आतून मांजर टुणकन बाहेर पडायचे! गंमत अशी की, पुढे मांजरालाच किंमत आली, पण पोते काही सुटले नाही. आता पोत्यात ठरलेले मांजरच असते. पण ते कोणत्या वंशाचे, त्याचे काळीज धड आहे का, त्याची मूत्रपिंडे सात वर्षांनी टिकतील का, हे पोते सोडूनही दिसत नाही.

बैलाच्या बाजारात निदान थोडेफार पाहता येते. दात मोजता येतात, चाल पाहता येते, गाड्याला जुंपून बघता येते. उपरण्याखाली बोटे धरून दलाल भाव ठरवीत असला तरी जनावर उघड्यावर उभे असते. तीन महिन्यांच्या मांजराच्या पिलाचे तसे नाही. ते सगळेच गोजिरवाणे असते. त्याची किंमत असते ती त्याच्या आईबापांमुळे आणि त्याच्या पुढच्या आयुष्यामुळे, आणि नेमक्या याच दोन गोष्टी घेणाऱ्याच्या डोळ्यांआड असतात.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: चांगली गाडी कोणती आणि भंगार कोणती हे गिऱ्हाइकाला कळत नसेल, तर तो कोणत्याच गाडीला पुरा भाव देत नाही. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, "या भावात मी कशाला विकू?" आणि तो बाजारातून निघून जातो. मागे उरतो तो भंगारवाला. म्हणजे लबाडीने फसणारे एकटे गिऱ्हाईक नव्हे. प्रामाणिक विकणाराही तिच्यापायी बुडतो. या विचाराबद्दल अ‍ॅकरलॉफ यांना दोघा सहकाऱ्यांसह २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मांजरांचा धंदा करणाऱ्या प्रामाणिक मंडळींना ही गोष्ट त्याआधी कितीतरी वर्षे अनुभवाने उमगली होती.

आता इतिहासाकडे वळू. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे एक मोठे प्रदर्शन भरले. ते भरवणारे गृहस्थ हॅरिसन वीअर हे चित्रकार होते. त्या काळी इंग्लंडात मांजर म्हणजे उंदीर मारणारे, चुलीपाशी लोळणारे आणि लाथा खाणारे जनावर. लोकांनी त्याच्याकडे जरा आदराने पाहावे, असा वीअर यांचा हेतू. कोणत्या जातीचे मांजर उत्तम म्हणावे, याची लक्षणे त्यांनी स्वतः लिहून काढली. परीक्षक तिघे होते: ते स्वतः, त्यांचे भाऊ आणि एक पाद्री. प्रदर्शन पाहायला लोकांची झुंबड उडाली. पुढे १८८७ साली नॅशनल कॅट क्लब ही संस्था निघाली आणि वीअर तिचे पहिले अध्यक्ष झाले.

पण बक्षीस म्हटले की हाव आलीच. बक्षीस मिळालेल्या बोक्याच्या पिलांना भाव येऊ लागला. मग काळ्याभोर मांजराच्या गळ्यावरचे चार पांढरे केस हळूच उपटून टाकणे, रंगाला थोडी मदत करणे, वंश फुगवून सांगणे, असले प्रकार सुरू झाले. वीअर यांचे मन विटले. मांजराच्या भल्यापेक्षा सभासदांना पदकेच प्यारी झाली, असे त्यांना दिसू लागले आणि १८९२ च्या सुमारास त्यांनी संस्थेशी संबंध तोडला. ज्याने रोप लावले त्यानेच अंगण सोडावे, तशी ही गोष्ट. मंडळी, हे लक्षात ठेवा: या छंदातला पहिला नैतिक तंटा कोणा गिऱ्हाइकाने नव्हे, तर छंदाच्या जनकानेच उभा केला होता.

तंटे कोणते, हे आता नीट पाहू. पिलू घेतले आणि पुढे काही बिघडले, तर त्यामागे तीन कारणे संभवतात. एक लबाडी, दुसरे अज्ञान आणि तिसरे दैव. तिन्हींची औषधे निरनिराळी आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर तंटा मिटत नाही, उलट चिघळतो. या धंद्याच्या इतिहासात ही औषधे एकामागून एक सापडत गेली.

लबाडीवरचे पहिले औषध म्हणजे नोंदवही. ही युक्ती मांजरवाल्यांनी घोडे आणि गाई पाळणाऱ्यांकडून उचलली. इंग्लंडात शर्यतीच्या घोड्यांची वंशनोंद १७९१ पासून छापली जात होती. शॉर्टहॉर्न जातीच्या गाईबैलांची वही कोट्स नावाच्या गृहस्थाने १८२२ साली काढली. जनावराचा बाप कोण, आजा कोण, हे विकणाऱ्याच्या जिभेवर न राहता तिसऱ्याच्या वहीत राहावे, हे त्यातले मर्म. नॅशनल कॅट क्लबनेही मांजरांची अशी वही ठेवली.

पण वही एक असेल तरच वही! १८९८ साली लेडी मार्कस बेरेस्फर्ड या बाईंनी दुसरी संस्था काढली, दि कॅट क्लब. तिची वही वेगळी, तिचे नियम वेगळे. एकीकडे नोंदलेल्या मांजराची दुसरीकडे अडवणूक होऊ लागली. एका गावात दोन तलाठी आणि दोन सातबारा असले तर काय होईल, तेच झाले. जमिनीपेक्षा उताऱ्यांचीच भांडणे जास्त! अमेरिकेतही तोच प्रकार. तिथे १८९५ साली न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मोठे प्रदर्शन झाले, संस्था निघाल्या, त्यांच्यात फूट पडली आणि १९०६ साली कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन वेगळी झाली.

इंग्लंडातला हा तिढा सुटला १९१० साली. निरनिराळ्या मांजरसंघांचे प्रतिनिधी लंडनमध्ये एकत्र बसले आणि त्यांनी सर्वांचे मिळून एक मंडळ स्थापन केले, गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा आपल्याकडचा सनातन प्रश्न. तो इथे अगदी अक्षरशः उभा होता. जुन्या नॅशनल कॅट क्लबने आपली नोंदवही नव्या मंडळाच्या स्वाधीन केली आणि त्या बदल्यात मंडळावर कायमच्या जागा मिळवल्या. थोडे सोडले, थोडे राखले. तडजोड ती हीच. ते मंडळ आजही चालू आहे.

या मंडळाच्या प्रदर्शनातली एक जुनी रीत मला फार आवडते. मांजराच्या पिंजऱ्यावर मालकाचे नाव नसते, नुसता आकडा असतो. आतली चादर पांढरी, पाण्याचे भांडे पांढरे, मातीचे तबकही पांढरे. का? तर एखाद्या बाईंची नेहमीची निळी गादी पाहून परीक्षकाने मांजर ओळखू नये. परीक्षक लबाड आहे असे कोणी म्हणत नाही. पण संशयाला जागाच ठेवली नाही म्हणजे भांडणाला तोंडच फुटत नाही. गुरुजी, उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी आकडा घालण्याची आपली पद्धत आणि ही पद्धत सख्ख्या बहिणी नव्हेत काय?

दुसरा जुना तंटा बोक्याचा. चांगल्या वंशाचा बोका ज्याच्याकडे, त्याच्याकडे लोक आपली मांजरी नेऊन ठेवतात आणि त्याबद्दल मोबदला देतात, जसा आपण गाय वळूकडे नेतो. आता मांजरीचा स्वभाव असा की, माजावर असताना ती एकाहून अधिक बोक्यांकडे जाऊ शकते, आणि एकाच वेतातली पिले निरनिराळ्या बापांची असू शकतात. मग वाद: "माझ्या बोक्याची ही पिलं नव्हेत!" "मग पैसे परत करा!" यावर तोडगा निघाला तो असा. मांजरी कडेकोट बंदोबस्तात ठेवायची, संयोगाच्या तारखा बोक्याच्या मालकाने लिहून सही करून द्यायच्या आणि नऊ आठवड्यांच्या हिशेबाने पिलांचा जन्म ताडून पाहायचा. गर्भ राहिलाच नाही तर पुन्हा एकदा फुकट आणायची मुभा, हेही आधीच ठरवायचे. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस रक्तातल्या किंवा लाळेतल्या डीएनएवरून बाप ओळखण्याची सोय झाली आणि हा वाद जवळजवळ संपला.

नावाच्या बाबतीतही एक मौज सांगतो. 'बॉम्बे' नावाची एक मांजराची जात आहे, काळीकुळीत आणि तकतकीत. नाव आपल्या मुंबईचे, पण मुंबईशी तिचा काडीचा संबंध नाही. अमेरिकेतल्या केंटकी संस्थानात १९५० नंतरच्या दशकात एका बाईंनी बर्मीज मांजर आणि काळे अमेरिकन मांजर यांच्या संकरातून ती जात तयार केली. हिंदुस्थानातल्या काळ्या बिबट्यासारखी दिसते म्हणून नाव बॉम्बे! यात फसवणूक काही नव्हती. सगळे नोंदलेले होते आणि १९७६ साली त्या जातीला रीतसर मान्यताही मिळाली. पण बोध असा घ्यायचा की, नाव म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा वहीत असतो.

आता दुसरे कारण, अज्ञान. हे फार नाजूक आहे. कारण इथे विकणारा खोटे बोललेला नसतो, आणि तरीही घेणाऱ्याचे वाटोळे झालेले असते. पर्शियन मांजराचेच उदाहरण घ्या. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक रोग आहे. पिलू जन्मतः छान असते, वर्षानुवर्षे खेळते, आणि सहा-सात वर्षांचे झाले की मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. आईबापांपैकी एकात जरी दोष असला तरी सरासरी निम्म्या पिलांत तो उतरतो. एके काळी जगात ठिकठिकाणी तपासलेल्या पर्शियन मांजरांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त मांजरे दोषी निघाली होती. विचार करा, किती घरांत भांडणे झाली असतील! घेणारा म्हणे, "तुम्हाला ठाऊक होतं." देणारा म्हणे, "माझ्या देवाला ठाऊक नव्हतं." दोघेही खरे बोलत असतील आणि तरीही दोघे जन्माचे वैरी झाले असतील.

१९९० नंतर ध्वनिलहरींच्या यंत्राने या गाठी मांजर लहान असतानाच दिसू लागल्या. २००४ साली अमेरिकेत या रोगाचे नेमके जनुक सापडले आणि गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने थोडा नमुना घेऊन परीक्षा करता येऊ लागली. झाले! भांडणाचे रूपच बदलले. पूर्वी प्रश्न होता, "तुम्हाला ठाऊक होते का?" आता प्रश्न झाला, "तुम्ही परीक्षा केली होती का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या पोटात असते, दुसऱ्याचे कागदावर असते. विज्ञानाने तंटा कसा मिटतो, याचे इतके चोख उदाहरण विरळा.

साथीच्या रोगांचेही तसेच. मांजरांना रक्ताचा कर्करोग आणणारा विषाणू ग्लासगो येथील विल्यम जॅरेट या पशुवैद्याने १९६४ साली शोधून काढला. १९७३ पासून रक्ताची परीक्षा करता येऊ लागली. तेव्हापासून बोक्याचा शहाणा मालक म्हणू लागला, "आधी दाखला आणा, मगच मांजरी आत घ्या." आणि मांजरीचा मालकही म्हणू लागला, "तुमच्या बोक्याचाही दाखला दाखवा." दाखला मागणे म्हणजे अपमान नव्हे, ही समजूत रुजायला मात्र वेळ लागला. आपल्याकडे पावती मागितली की अजूनही समोरचा म्हणतो, "विश्वास नाही का?" विश्वास आहे म्हणूनच तर व्यवहार करतो, तो पुढेही टिकावा म्हणून पावती!

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. परीक्षा म्हणजे अमरपट्टा नव्हे. मेन कून या थोराड जातीत काळजाचा स्नायू जाड होण्याचा रोग आढळतो. त्याला कारण होणारा एक जनुकदोष २००५ साली सापडला. पण तो दोष नसलेल्या मांजरालाही काळजाचा रोग होऊ शकतो. म्हणून शहाणा विक्रेता "निरोगी असल्याची हमी" असे लिहीत नाही. "अमुक परीक्षा अमुक तारखेला केली, निकाल अमुक" असे लिहितो. हमी फुगवून दिली की तीच उद्याच्या भांडणाचे बी होते.

तिसरे कारण दैव. मांजरांत एक साधा आतड्याचा विषाणू फार ठिकाणी असतो. बहुतेकांना तो काही करीत नाही. पण थोड्या मांजरांत, विशेषतः कोवळ्या पिलांत, तो रूप पालटतो आणि पोटात पाणी साठून पिलू जाते. २०१९ च्या सुमारास औषध सापडेपर्यंत हा रोग म्हणजे मृत्यूच मानला जाई. कोणते पिलू बळी पडेल, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. इथे गुन्हेगार शोधून काय मिळणार? इथे विचारायचे ते एवढेच की, नुकसान कोणी किती सोसायचे. आणि ते पिलू मेल्यावर नव्हे, पिलू खेळत असताना, दोघेही हसत असताना ठरवायचे असते.

त्यासाठी लेखी करार आला. चांगल्या करारात काय असते? पिलाची जन्मतारीख, आईबापांचे नोंदणी आकडे, कोणत्या लसी केव्हा टोचल्या, कोणत्या परीक्षा झाल्या. घेणाऱ्याने ठरलेल्या दिवसांत आपल्या डॉक्टरकडून पिलू तपासून घ्यावे. अमुक मुदतीत अमुक रोग निघाला तर पैसे परत, किंवा दुसरे पिलू, की काहीच नाही. उद्या मांजर सांभाळणे जमले नाही तर ते रस्त्यावर सोडायचे नाही. आधी मूळ मालकाला विचारायचे. असे सगळे स्वच्छ लिहिलेले असते.

आणखी एक कलम फार भांडणांचे मूळ होते. विकणारा म्हणतो, "मी पिलू घरात पाळायला दिलं, पैदाशीला नाही." घेणारा म्हणतो, "पैसे मोजले, मांजर माझं. पिलं काढीन नाही तर काहीही करीन." यावर इंग्लंडच्या मंडळाने नामी तोड काढली. नोंदवहीचे दोन भाग केले: एक पैदाशीला मोकळ्या असलेल्या मांजरांचा आणि दुसरा नसलेल्यांचा. दुसऱ्या भागातल्या मांजराला पिले झालीच, तर त्या पिलांची नोंद होत नाही. पोलीस नको, कोर्ट नको. वहीच पहारा करते. त्याच मंडळाने पिलू तेरा आठवड्यांचे झाल्याशिवाय आणि लसी पुऱ्या झाल्याशिवाय नव्या घरी देऊ नये, असेही सांगून ठेवले आहे. त्यामुळे नव्या घरी जाताच पिलू आजारी पडण्याच्या तक्रारींना आळा बसतो.

एवढे करूनही तंटा झाला तर? तेव्हा पायऱ्यांनी जावे. पहिली पायरी, दोघांनी समोरासमोर बोलणे, आणि बोललेले लिहून ठेवणे. दुसरी, त्या जातीच्या संघातल्या एखाद्या जाणत्या, दोन्हीकडे ओढा नसलेल्या माणसाला मध्ये घालणे. तिसरी, मंडळाकडे लेखी तक्रार. तिथे चौकशी करणारे वेगळे आणि निवाडा देणारे वेगळे असावेत, दोन्ही बाजू ऐकल्या जाव्यात, आणि निकालावर दाद मागता यावी, ही तत्त्वे मानली गेली आहेत. नियम मोडल्याचे ठरले तर नोंदणी आणि प्रदर्शन बंद होते. या लोकांत ते वाळीत टाकण्यासारखेच. पण पैशांच्या देवघेवीचा निवाडा हे मंडळ करीत नाही. ते काम न्यायालयाचे.

न्यायालयात मात्र मांजर ही 'वस्तू' ठरते! इंग्लंडच्या १८९३ च्या मालविक्री कायद्यापासून हे चालत आले आहे. तिथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे, विकणारा धंदेवाईक असेल तर माल वर्णनाबरहुकूम आणि समाधानकारक असलाच पाहिजे. दोषी माल तीस दिवसांत परत करता येतो, आणि सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असे सामान्यतः धरले जाते. आपला १९३० चा मालविक्री कायदा त्या जुन्या इंग्रजी कायद्याच्याच धर्तीवर केलेला आहे. 'घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावे' हे तत्त्व आणि त्याला असलेले अपवाद त्याच्या सोळाव्या कलमात आहेत. त्यात गाय, म्हैस, मांजर सगळे जंगम मालातच येते. आपल्याकडे १९८६ पासून ग्राहक न्यायालयांची वाट मोकळी झाली, तिचा कायदा २०१९ साली नव्याने झाला. पाळीव प्राण्यांची दुकाने चालवणाऱ्यांनी राज्याच्या प्राणीकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, असे केंद्र सरकारचे २०१८ चे नियम सांगतात.

इथवर आपण दोन पक्ष धरले, देणारा आणि घेणारा. पण मंडळी, खरा कळीचा मुद्दा पुढेच आहे. दोघेही खूष असतील, कागद चोख असेल, पैसा पोचला असेल, तर सगळे ठीक झाले का?

१९६१ साली स्कॉटलंडातल्या कूपर अँगस गावाजवळच्या एका शेतावर एका मेंढपाळाला एक पांढरी मांजरी दिसली. तिचे कान पुढे मुडपलेले होते, घुबडासारखे. तिच्या वंशातून 'स्कॉटिश फोल्ड' ही जात निघाली. लोकांना ती भारी आवडली. इंग्लंडच्या मंडळाने आरंभी ही मांजरे नोंदली. पण कानांच्या रोगांची आणि बहिरेपणाची शंका आल्यावर १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ती नोंदणी थांबवली. जात अमेरिकेत गेली, तिथे तिला मान्यता मिळाली आणि जगभर तिची पिले चढ्या भावाने विकली जाऊ लागली. पुढे पशुवैद्यांनी दाखवून दिले की, कान मुडपतात ते कूर्चा अधू असल्यामुळे, आणि तीच अधू कूर्चा मांजराच्या सगळ्या सांध्यांत असते. काहींचे पाय आखडतात, शेपटी ताठरते, चालताना वेदना होतात. २०१६ साली या दोषाचे जनुकही सापडले. म्हणजे ज्या लक्षणासाठी गिऱ्हाईक पैसे मोजते, तेच लक्षण म्हणजे रोग! इथे विकणाऱ्याने खोटे सांगितलेले नाही, घेणारा फसलेला नाही. तरीही कोणीतरी दुःख भोगते आहे. करारावर दोघांच्या सह्या असतात. तिसऱ्याचा पंजा त्यावर उमटलेला नसतो.

अशा ठिकाणी आपसातला समझोता पुरत नाही. समाजाला मध्ये यावे लागते. नेदरलँड्ससारख्या देशात अशा मांजरांच्या पैदाशीला कायद्याने बंदी आहे. इंग्लंडात ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालची कुत्र्यामांजरांची पिले दलालामार्फत विकायला बंदी झाली. ज्याच्या घरी पिलू जन्मले त्याच्याकडेच जाऊन, आईसह पाहून घ्यायचे, हा त्यातला हेतू. धंदेवाल्यांपैकी काही म्हणतात, ही आमच्या स्वातंत्र्यावर गदा आहे. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. अनेक जाती माणसाच्या चिकाटीनेच टिकल्या. पण हॅरिसन वीअर यांनी दुखावून जो प्रश्न विचारला होता तो याच्या आड येतो: पदक कोणासाठी आणि मांजर कोणासाठी?

आपण काय घ्यायचे यातून? उद्या तुम्ही दुभती गाय घ्याल, देवणी किंवा खिल्लार खोंड घ्याल, उस्मानाबादी शेळी घ्याल. तेव्हा आईबापांची नोंद विचारा. दूध दोन वेळा आपल्यासमोर काढून पाहा. लसी टोचल्याचा दाखला मागा. ठरले ते दोन ओळींत का होईना, लिहून घ्या, आणि साक्षीला दोन्ही बाजूंना मान्य असा माणूस घ्या. विकणारे तुम्ही असाल, तर जनावराची खोड आपल्या तोंडाने आधी सांगा. लाथ मारते, पान्हा चोरते, काय असेल ते सांगा. भाव थोडा उतरेल, पण पुढच्या बाजारी गिऱ्हाईक तुमचेच दावे शोधत येईल.

मांजर डोळे मिटून दूध पिते आणि तिला वाटते की, जगाला काही दिसत नाही, असे आपण म्हणतो. मांजरांच्या या दीडशे वर्षांच्या इतिहासात डोळे मिटून दूध पिणारी माणसेच जास्त दिसली. आणि त्यांच्यामधूनच काहीजणांनी वही, दाखला, करार आणि पंच अशी एकेक घंटा बांधत आणली. शाळेत गुरुजींनी मुलांना एक प्रश्न जरूर घालावा: लबाडी, अज्ञान आणि दैव यांपैकी कोणत्या कारणाने आपल्या गावातला शेवटचा तंटा झाला? उत्तर शोधताना मुले अर्धा तंटा तिथेच मिटवतील.